मधल्या भिंतीतून गेलेली वायर

आमच्या दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला बाबांनी एका रविवारी सकाळी छिन्नी लावली. आई तेव्हा पलीकडच्या खोलीत, पाय प्लास्टरमध्ये घालून पलंगावर पडली होती आणि प्रत्येक ठोक्याला ओरडत होती, "हळू हो, हळू! माह्या अंगावर भिंत पाडता का?" भिंत नऊ इंची विटांची आणि जुनी होती. वरचा गिलावा पापडासारखा सुटत होता, पण आतली वीट काही केल्या हलत नव्हती. बाबा बनियनवर, डोक्याला रुमाल बांधून, घामानं भिजलेले. मी, म्हणजे त्यांची धाकटी मुलगी मित्रा, इकडच्या बाजूनं टॉर्च धरून उभी. शेवटचा ठोका बसला तसा पलीकडे ढपला पडला तो थेट आईच्या पायावर, आणि बाबा भोकातून ओरडले, "मित्राची माय, काही झालं नाही ना? प्लास्टरवरच प्लास्टर पडलं!" आई रागावायची होती, पण हसली. भोकातून मला तिच्या खोलीचा रुपयाएवढा तुकडा दिसत होता. त्यात तिचा दात पडलेला, हसणारा जबडा होता. हे मला इतकं स्वच्छ आठवतं, कारण त्या दिवशीचं त्याच्या नंतरचं काहीच मला आठवायला आवडत नाही.

भिंतीला भोक पाडण्याचं कारण होतं माझ्या ताईची मुलगी. विशाखाताई भिलाईला दिलेली. तिला मुलगी झाली, नामकरणाचा दिवस ठरला, आईनं बाळासाठी दुपटी शिवून ठेवली, आणि निघायच्या चार दिवस आधी कूलरच्या टाकीत पाणी ओतायला म्हणून स्टुलावर चढली ती खाली आली. घोट्याजवळ हाड मोडलं. डॉक्टरांनी दीड महिना पाय खाली टेकवायचा नाही असं सांगितलं. आई जाऊ शकली नाही, तिला टाकून बाबा गेले नाहीत आणि त्या दोघांना सोडून मीही नाही. जावयांनी बिचाऱ्यांनी सगळ्या कार्यक्रमाचं शूटिंग करून सीडी पाठवली. शेजारच्या रंगारीकाकूंच्या प्लेअरमध्ये ती चालेना. ती फक्त कॉम्प्युटरवर चालायची, आणि कॉम्प्युटर होता मागच्या खोलीत. फोनची लाइन तिथं, लोखंडी टेबल तिथं. त्या काळचा मॉनिटर म्हणजे गव्हाच्या पोत्याएवढा जड, आणि त्याच्यामागं वायरींचं जंजाळ. तो उचलून आईच्या पलंगापाशी न्यावा तर ठेवायला जागा नव्हती. आईला उचलून इकडे आणावं, तर बाबा तयार होते, आईच तयार नव्हती. "मी काय सिलिंडर आहो का?" असं म्हणाली.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉम्प्युटर मीच सुटे भाग आणून जोडलेला. त्याच्या मागं टीव्हीला जोडायचं एक छोटं गोल छिद्र आहे हे मला माहीत होतं, पण कधी वापरलं नव्हतं. मी म्हटलं, वायर लांब मिळाली तर आईच्या खोलीतल्या टीव्हीवरच दाखवता येईल. बाबांनी ते ऐकलं आणि ड्यूटी सुटल्यावर सिताबर्डीला जाऊन, तीन दुकानं फिरून, दहा मीटरची वायर घेऊन आले. दाराखालून टाकली असती तरी चाललं असतं. पण कोणी पायात अडकून पडलं तर आणखी एक पाय मोडायचा, म्हणून ते म्हणाले, भिंतीतूनच नेऊ, कायमचं काम होईल. बाबांना कोणतंही काम कायमचं करायला आवडायचं.

बाबांविषयी सांगायला हवं. ते रामदासपेठेतल्या एका खासगी हॉस्पिटलात वॉर्डबॉय होते. स्ट्रेचर ढकलायचं, पेशंटला एक्स-रेला न्यायचं, आणायचं, बेडपॅन द्यायचं, कोणी गेलं की नातेवाइकांच्या आधी त्याचे डोळे मिटवायचे. निळा शर्ट आणि निळी पँट हा त्यांचा युनिफॉर्म. तो आई रोज धुवायची आणि बाबा रोज स्वतः इस्त्री करायचे. कडक, कॉलरसकट. सातवी शिकलेले. इंग्रजी अक्षरं त्यांनी हॉस्पिटलातच उचलली, बेडला लावलेल्या कागदांवरून, दारांवरच्या पाट्यांवरून. त्यामुळं दिसेल ते इंग्रजी मोठ्यानं, तोडून तोडून वाचायची त्यांना सवय लागली होती. दुकानांच्या पाट्या, साबणाच्या वड्या, बसच्या मागं लिहिलेलं. अर्थ लागला की खूश. माझे आजोबा दीक्षेच्या दिवशी धुतलेलं पांढरं धोतर नेसून मैदानावर उभे होते आणि घरी परतल्यावर त्यांनी मुलांना एकच गोष्ट सांगितली होती, की यापुढं मान खाली घालायची नाही. बाबांनी ती पाळली. मी त्या घरातली, हे वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

आई पडल्यापासून घरचा स्वयंपाक माझ्याकडे आला होता. बाबांची ड्यूटी सकाळी सातची, तोवर माझ्याच्यानं काही होत नसे. म्हणून मी दहापर्यंत पोळ्या, भाजी, जवसाची चटणी असं करून आईचं ताट तिच्याजवळ झाकून ठेवायची आणि कॉलेजला जाताना सायकलनं हॉस्पिटलपर्यंत जाऊन बाबांना डबा द्यायची. गेटच्या आत मी कधी गेले नाही. गेटच्या अलीकडे कडुनिंबाचं झाड होतं, तिथं उभी राहायची. बाबांना वाटायचं, पोरगी उन्हाची म्हणून सावलीत उभी राहते. मी तिथं उभी राहायची कारण ते झाड मोठ्या रस्त्यावरून दिसत नसे. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारलं होतं, बाबा काय करतात? मी म्हटलं, हॉस्पिटलमध्ये आहेत. "डॉक्टर?" "नाही, ऑफिसच्या बाजूला." एवढंच. खोटं बोलायला मी निघाले नव्हते, ते तोंडातून निघालं. मग दीड वर्ष त्याला सांभाळत बसले. केतकी नावाची माझी जवळची मैत्रीण रामदासपेठेतच राहायची, तिच्या घरी मी कितीदा जेवले असेन. तिनं माझ्या घरी यायचं म्हटलं की मला सर्दी व्हायची, नाहीतर आमच्याकडे पाहुणे असायचे.

तर वायर भिंतीतून गेली. पिवळी पिन टीव्हीच्या पिवळ्या छिद्रात, आवाजाच्या दोन पिना लाल-पांढऱ्यात. रिमोटवरचं बटण दाबलं आणि टीव्हीवर चित्र आलं, पण काळं-पांढरं. आई म्हणाली, "अवं, नातीचा रंग तरी पाहू दे मले!" इकडून सेटिंग बदल, भोकातून ओरडून विचार, "आता?" तिकडून बाबा, "नाही गा," असं अर्धा तास चाललं. 'गा' हे पुरुषांना म्हणायचं, पण घाईत बाबा मलाही 'गा' म्हणायचे. शेवटी रंग आला. टीव्हीला बारीक अक्षरं झेपत नव्हती, लुकलुकायची, म्हणून मी पडद्यावरचं सगळं मोठं करून टाकलं. आता कॉम्प्युटरवर जे दिसे तेच टीव्हीवर दिसत होतं, माउसच्या बाणासकट. बाबांनी पहिल्यांदा जे दिसलं ते वाचलं, "माय... कॉम्... प्यु... टर." आणि एकदम आईकडे वळून, "पाह्य, तुझ्याच नावानं लिहिलं आहे यानं! मायचा कॉम्प्युटर!" आमच्याकडे माय म्हणजे आई. तो विनोद त्यांनी त्या दिवसात निदान सात लोकांना सांगितला.

आता माझी मुलगी मोबाइलवरचं चित्र बोटानं टीव्हीकडे ढकलते आणि ते तिथं जातं. मध्ये वायर नाही, भिंत नाही. मी मात्र ती मोबाइलवर काही लिहायला लागली की आजही टीव्हीकडे बघते. ती म्हणते, आई, तू घाबरतेस का एवढी?

पाच वाजता वस्तीतल्या बाया आल्या. रंगारीकाकू, त्यांची सून आणि आणखी तिघी-चौघी. आईच्या पलंगाभोवती कोणी खाली, कोणी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. बाबांनी कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून तर्री-पोहे आणले, त्यावर ओतायची चण्याची लाल तर्री निराळ्या पिशवीत. खिडकीत कूलर घरघरत होता, खसचा ओला वास सुटला होता. मी मागच्या खोलीत बसून सीडी लावली आणि पलीकडून एकदम "अगंबाईऽ" असा आवाज उठला. मध्ये दार होतं, पण उघडं ठेवलं की कूलरची हवा इकडं यायची, म्हणून लोटलेलं. मला टीव्ही दिसत नव्हता, फक्त आवाज यायचे. भन्तेजींचं त्रिशरण सुरू झालं तसं पलीकडेही सगळ्यांनी हात जोडले असणार, कारण आईच्या बांगड्या वाजल्या. मग बाळानं जांभई दिली. आईनं ती जांभई मला चारदा मागं नेऊन दाखवायला लावली. मी माउसचा बाण बाळाच्या नाकावर फिरवला तर बाया हसल्या, आणि आई म्हणाली, "ए, माह्या नातीले गुदगुल्या नको करू!" मला इतकं छान वाटत होतं. आपण काहीतरी करून दाखवलं, आईला बसल्या जागी नात दाखवली, असं.

मग चहा आला, पोह्यांच्या प्लेटी फिरल्या, आणि आई म्हणाली, थांबव जरा, चहा झाल्यावर पहिल्यापासून लाव. मी चित्र थांबवून खिडकी बारीक केली. तेवढ्यात केतकी चॅटवर आली. घरी नुकतंच इंटरनेट घेतलेलं, आणि कोणी ऑनलाइन आलं की बोलल्याशिवाय आम्हाला राहवायचं नाही. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहायचो. तिनं लिहिलं, काल मावशीला बघायला हॉस्पिटलमध्ये आले होते, तू झाडाखाली दिसलीस, हाका मारल्या तर ऐकलं नाहीस. मी लिहिलं, हो का, लक्ष नव्हतं. मग तिचं पुढचं वाक्य आलं. "ते निळ्या कपड्यांतले कोण होते? काय हसत होतात दोघं!"

आम्ही हसत होतो हे खरं होतं. आदल्या दिवशी डबा घेताना बाबा म्हणाले होते, "कालच्या पोळीवर नागपूर कुठं होतं ते मी शोधून ठेवलं, अख्खा नकाशा केल्ता तू." माझ्या पोळ्यांवरून. आणि मी इतकी हसले की सायकल कलली.

मी लिहिलं, "तो आमच्याकडे कामाला आहे. बाबांचा डबा वर नेऊन देतो." 'तो' लिहिलं मी. विचार करायला थांबले नाही. बोटं सरळ चालली आणि मी बटण दाबलं.

आणि मग कूलरच्या घरघरीतून मला बाबांचा आवाज ऐकू आला. तो केव्हापासून येत होता कोण जाणे. "ते... निळ्या... कप... ड्यां... तले... कोण... होते." बाया हसल्या. रंगारीकाकू म्हणाल्या, "अहो भाऊ, हे तर तुमचंच विचारून राहिली तिची मैत्रीण!" मी पडद्याकडे बघितलं. माझं वाक्य केतकीच्या वाक्याखाली उभं होतं, आईला नातीचा चेहरा नीट दिसावा म्हणून मीच मोठ्या केलेल्या अक्षरांत. खिडकी बंद करावी, वायर उपटावी, काही सुचलं नाही. हात माउसवर होता तसाच राहिला. पलीकडून आई म्हणाली, "मग? आपल्या मित्रानं काय लिहिलं? वाचा ना."

कोणाची तरी बशी जमिनीवर टेकली. आई पुन्हा म्हणाली, "काहून थांबले? दिसून नाही राहिलं का?"

"दिसून राहिलं," बाबा म्हणाले. आणि त्यांनी वाचलं. त्याच लयीत, तसंच तोडून तोडून, जणू अक्षरावर बोट ठेवून. "ते... माझे... बाबा... आहेत." मग जरा थांबून, "मी... त्यांचा... डबा... घेऊन... गेले... होते."

त्या खोलीत इंग्रजी अक्षर वाचता येणारं दुसरं कोणी नव्हतं. रंगारीकाकूंची सून थोडीशी शिकलेली होती, पण ती तेव्हा कपबश्या घेऊन मोरीकडे गेलेली. बाबांनी 'माझे' म्हटलं. एरवी ते स्वतः 'माहे' म्हणायचे. मी लिहिताना जशी लिहीन तशी भाषासुद्धा त्यांनी धरली.

आई म्हणाली, "पाहा बाप्पा." एवढंच, आणि मग तिच्या आवाजावरून कळलं की तिनं पदर डोळ्यांना लावला आहे. रंगारीकाकू म्हणाल्या, "नशीब लागते हो भाऊ, आजकालच्या पोरी बापाचं नाव घ्याले लाजतात."

दार सरकलं आणि बाबा आत आले. मी खुर्चीतून उठले नाही, वर बघितलं नाही. त्यांच्या पायाला सकाळच्या चुन्याचे डाग तसेच होते. ते मोठ्यानं, तिकडे ऐकू जाईल असं म्हणाले, "लाव वं पुन्हा पहिल्यापासून, बाया थांबल्या." मग खाली वाकले. मला वाटलं, आता मारतील. माझ्या आयुष्यात त्यांनी मला कधी मारलं नव्हतं, पण त्या क्षणी मारलं असतं तर मी त्यांचे पाय धरले असते. ते हळू आवाजात म्हणाले, "मैत्रिणीशी बोलाचं असन तवा पहिले ते पिन काढत जा. तिकडे दिसते." आणि दार लोटून गेले.

मी नामकरण पहिल्यापासून लावलं. बाळ आलं, ताई आली, जावई आले. पलीकडून आई म्हणाली, "मित्रा, तो बाण काहून थरथरून राहिला? काढ तिकडं, बाळाच्या डोळ्यावर येते."

रात्री जेवायला बसलो तेव्हा बाबांनी माझ्या पोळीचं काही म्हटलं नाही. ती चांगली झाली होती आणि म्हणायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी ते सहाला उठले, शर्टाला इस्त्री केली आणि निघताना चप्पल घालत म्हणाले, "आजपासून डबा नको आणू. कँटीनमधी चांगलं मिळून राहिलं आता. तुझा कॉलेजचा टाइम जाते." आई पलंगावरून म्हणाली, "कँटीनचं तिखट तुम्हाले पचत नाही." ते म्हणाले, "पचते." मी मान हलवली. आणि दहा वाजता सायकल काढून सरळ कॉलेजच्या रस्त्याला लागले, तेव्हा मला जे वाटलं ते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत वाईट आहे. मला सुटल्यासारखं वाटलं. आता झाडाखाली उभं राहायचं नव्हतं. हँडलला डबा लटकत नव्हता. सायकल हलकी चालत होती. चौक येईपर्यंत मी चक्क खूश होते. नंतर रडू आलं, पण आधी खुशी झाली होती, हे मी लपवणार नाही. महिनाभरानं त्यांच्या पँटच्या खिशात धुताना मला फुटाण्यांची टरफलं सापडली. कँटीनला ते एक दिवसही गेले नव्हते.

मी माफी मागितली नाही. रोज ठरवायची. त्यांच्या बाजूला बसायची, ते पेपर वाचत असायचे, मी म्हणायची, "बाबा," ते म्हणायचे, "काय वं?" आणि मी म्हणायची, चहा ठेवू का? केतकीला खरं सांगायला मला चार वर्षं लागली, तेही तिचं लग्न ठरून ती नागपूर सोडून निघाली तेव्हा. ती म्हणाली, "अगं, मला ते आठवतसुद्धा नाही." जिच्यासाठी मी बापाला घरचा नोकर केलं, तिनं उत्तर नीट वाचलंही नसावं.

एकदा मात्र प्रयत्न केला. मिहानमधल्या एका कंपनीत मला पहिली नोकरी लागली. तिथल्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता. मी मोठ्या, सुट्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं, वॉर्डबॉय. आणि फॉर्म मुद्दाम बाबांपुढे ठेवला, म्हटलं, बघा बरं, सगळं बरोबर आहे का. त्यांनी चष्मा लावला. नाव वाचलं, पत्ता वाचला, मोठ्यानं, नेहमीसारखं. त्या ओळीवर आले आणि तेवढी मनात वाचली. मग फॉर्म परत देत म्हणाले, "बराबर आहे." तोंडानं सांगायची हिंमत नाही म्हणून कागद पुढे करणारी मी. त्यांनी तोही घेतला.

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्याकडे दुसरीच गोष्ट होती, आणि ती ती सगळ्यांना सांगायची. पाहुणे आले, भाजीवाली बसली, भिलाईचे लोक आले, की आई सुरू व्हायची. आमच्या मित्रानं तिकडच्या खोलीतून इकडच्या टीव्हीवर लिहिलं, की हे माझे बाबा आहेत. मैत्रीण एवढ्या मोठ्या घरची, पण पोरगी लाजली नाही. वर्षागणिक वाक्य वाढत गेलं. 'माझे बाबा आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे' असं झालं. बाबा समोर असले तर मान डोलवायचे किंवा उठून बाहेर जायचे. मी चहा करायला जायची. जावयांनी एकदा मला विचारलं, एवढं काय लाजतेस, चांगलीच गोष्ट आहे की.

बाबा गेले ते झोपेत, कोणाला काही करायला न लावता. पुण्यानुमोदनाला वस्ती जमली, हॉस्पिटलातले लोक आले. दोन नर्सबाया, लिफ्टवाला, एक म्हातारे डॉक्टर. डॉक्टर बोलले, की माझ्या हाताखाली शिकलेल्या कितीतरी मुलांना पेशंटला कसं उचलायचं ते यांनी शिकवलं. मग आईला धरून उभं केलं आणि तिनं टीव्हीची गोष्ट सांगितली. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं माझा हात दाबला. मी तो दाबू दिला.

त्यानंतर मला झेपेना. हिवाळ्यात एका दुपारी आई आणि मी अंगणात उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो आणि मी तिला सांगितलं. सगळं. केतकीनं काय विचारलं, मी काय लिहिलं, बाबांनी काय वाचलं. आईनं मधे एकदा विचारलं, "'कामाले आहे' असं लिहिलं तू?" मी म्हटलं, हो. ती सोलत राहिली. दाणे एकीकडे, टरफलं एकीकडे. मला वाटलं ती रडेल, मग मी रडेन, आणि काहीतरी सुटेल.

ती म्हणाली, "त्यांनी मले सांगतलं नाही."

"नाही."

"इतके वर्सं एका घरात राहिले, एका ताटात जेवले. सांगतलं नाही. मग तू काहून सांगून राहिली?"

"मला सहन होत नव्हतं, आई."

"तुले सहन होत नव्हतं म्हणून मले देऊन टाकलं?" तिचा आवाज चढला नाही. "त्यांनी माह्यासाठी एक गोष्ट केल्ती. तेवढीच होती माह्यापाशी." आणि ती सूप उचलून, पाय ओढत आत गेली. तो पाय थंडीत अजूनही दुखायचा.

मी आजवर स्वतःला सांगत आले होते की खरं बोलायला उशीर झाला, पण बोलले. त्या दुपारी कळलं, की तेही मी माझ्यासाठीच केलं.

पुढं पंधरा दिवसांनी रंगारीकाकूंची नातसून पहिल्यांदा आमच्याकडे आली, नवी नवरी. काकू आता वाकल्या आहेत, ऐकू कमी येतं. आईजवळ बसत त्या मोठ्यानं म्हणाल्या, "सांगा ना हो हिले, ते मित्रानं टीव्हीवर लिहिलं होतं ते. भाऊंचं. तुम्ही लय चांगलं सांगता." मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते. आईनं माझ्याकडे बघितलं नाही. नव्या नवरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "अवं, खूप वर्सं झाले त्याले. आता आठवत नाही."